जिनिंगच्या चिमणीवरची तार

"सोडा दोरी! मधुकरराव, दोरी सोडा म्हणतो ना!"

ओरडत होते पाठक सर. अठ्ठावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवताना ज्या माणसाचा आवाज कधी तिसऱ्या बाकाच्या पलीकडं गेला नाही, तो त्या सकाळी अख्ख्या पांढरकवड्याला ऐकू जात होता. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात, घोटाभर चिखलात, मी दोन्ही हातांनी एक नायलॉनची दोरी आवळून उभा होतो. दोरीचं दुसरं टोक सत्तर फूट उंच चिमणीवरच्या कप्पीतून जाऊन माझ्या रेडिओच्या तारेला बांधलेलं. भिंतीपलीकडं माझ्या दुकानात, माझ्या सेटसमोर, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम हातात माईक धरून बसलेल्या. आणि तिकडं मुकुटबनच्याही पलीकडं, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरच्या एका गावात, आमच्या क्लबातल्या शेषरावचा धाकटा भाऊ वसंता कपाशीवर फवारता फवारता औषधाचं विष भिनून आडवा झालेला. रस्ता नाल्यानं खाल्ला होता. टेलिफोनचे खांब झोपले होते. वसंतापर्यंत पोचायला एकच वाट शिल्लक होती, आणि ती माझ्या हातातल्या दोरीला लटकली होती.

सर म्हणत होते, तार खाली घ्या. मी म्हणत होतो, मेलो तरी घेणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, हा काय माणूस आहे का कोण. शिव्या द्या, पण जरा दमानं. ती तार काय चीज होती ते आधी ऐका.

माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, हायवेपासून हाकेच्या अंतरावर. पुढं दुकान, मागं घर, आणि घराच्या भिंतीला भिंत लावून ते जिनिंग. नागपूर-हैदराबाद रस्त्यानं जाणारे ट्रकवाले टेप दुरुस्तीला माझ्याकडंच थांबत. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत जितके ट्रक चालतात, त्यातल्या निम्म्यांच्या टेपमध्ये माझ्या हातचा सोल्डरिंगचा डाग आहे. उरलेल्या निम्म्यांच्या टेपमध्येही आहे, पण त्यांना ते माहीत नाही.

वर्षं कापसाच्या हालाची. अळी औषधाला जुमानत नव्हती, पाऊस वेळेला नव्हता, भाव तर विचारूच नका. गिऱ्हाईक माझ्याकडं रेडिओ दुरुस्त करून न्यायचं ते भाव ऐकायला. भाव ऐकला की रेडिओ आपटायचं. मग तोच रेडिओ पुन्हा माझ्या टेबलावर. एका आजोबांचा संच मी एका हंगामात पाच वेळा जोडला. पाचव्या वेळेला ते म्हणाले, "लेका, याच्यातून निस्ता पडलेलाच भाव येते. याचा काटाच बदलून दे ना." मी काटा बदलून दिला. दुसऱ्या दिवशी ते सांगायला आले की फरक नाही, पण बातम्या देणारी बाई आता जरा मऊ बोलते.

हा झाला पोटाचा धंदा. दुसरा धंदा बिनपोटाचा. तो म्हणजे हौशी रेडिओ.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सरकारची परीक्षा द्यायची, मोर्सची कट्-कडकट् शिकायची, पोलीस घरी येऊन चौकशी करून जातो, मग लायसन मिळतं. त्यानंतर स्वतःच्या सेटवरून जगातल्या अशाच दुसऱ्या खुळ्यांशी बोलता येतं. मध्ये टेलिफोनची तार नाही, एक्स्चेंज नाही, बिल नाही. नियम मात्र कडक. गाणी लावायची नाहीत, धंद्याचं बोलायचं नाही, राजकारण काढायचं नाही. मग वऱ्हाडी माणसानं बोलावं काय? नाव, गाव, हवामान आणि "तुमचा आवाज कसा येऊन राह्यला." तेवढंच. पण तेवढ्यावर मी तासन्‌तास काढलेले आहेत.

आमच्या क्लबात सात माणसं. त्यातले चार जण फक्त चहाला यायचे, त्यांना सोडा. पाठक सर आमचे अध्यक्ष. त्यांनी रेडिओचं पुस्तक इतकं पाठ केलं होतं की विजेचा धक्का बसला तरी आधी पान क्रमांक सांगायचे. तांत्रिक मदत माझ्याकडं. कोणाचा सेट तापला, कोणाच्या केबलीत पाणी शिरलं, की मधुकरभाऊ हजर. आणि तिसरा शेषराव.

शेषराव कापूसवाला शेतकरी. मुकुटबनच्या पलीकडचा. माझ्याच भंगारातले सुटे भाग नेऊन त्यानं स्वतः सेट बांधला आणि परीक्षा पहिल्या झटक्यात पास केली. मी तिसऱ्या झटक्यात झालो. कारण उघड आहे, परीक्षकांना मला पुन्हा पुन्हा भेटावंसं वाटलं. माणूस गुणी, पण तोंडाचा मुका. दुकानात आला की कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचा, चहा प्यायचा आणि छताकडं बघायचा. मध्येच काहीतरी बोलायला तोंड उघडायचा. पण माझ्यासमोर तोंड उघडून आजवर बोलता कोणाला आलंय? मी सुरू व्हायचो आणि त्याची शेवटची बस निघून जायची.

तर ती तार. आमच्या बोलण्याच्या पट्ट्यासाठी, म्हणजे बँडसाठी, साधारण वीस मीटर तांब्याची तार ताणावी लागते. मधोमध केबल जोडायची आणि शक्य तितकी उंच टांगायची. शेषरावनं आपली तार गोठ्याच्या छपरावरून नेली होती, दहा-बारा फुटांवर. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला म्हटलं, "शेषराव, ही तार आहे का वालाचा मांडव?" तो हसला. मी मात्र जिनिंगची चिमणी हेरून ठेवली होती. जिनिंग बंद, चौकीदाराचा रेडिओ मी फुकट दुरुस्त केलेला, अजून काय पाहिजे?

मी चिमणी चढायला लागलो तेव्हा खाली पंचवीस माणसं होती. वर पोचलो तेव्हा दोनशे. त्यातली दीडशे मी पडावा म्हणून आली होती. वरून मला एका अंगाला वर्धा नदी दिसली आणि दुसऱ्या अंगाला हैदराबादचा चारमिनार. चारमिनारच्या गच्चीवर एक इसम पान खात होता. पान साधं की मसाला, हे मात्र मी शपथेवर सांगणार नाही. मी कप्पी बसवली, दोरी ओवली, तार चढवली आणि खाली आलो. त्या दिवसापासून माझ्याकडं ऐकू येईना असा देश उरला नाही. जपान आला, रशिया आला, ब्राझील आला. बोलणं झालं की ते लोक नावानिशी एक कार्ड पाठवतात. दुकानाची एक भिंत कार्डांनी भरली, मग दुसरी भरली. पोस्टमन सायकलवरून यायचा तो मोटरसायकल घेऊन यायला लागला.

आमच्या सौ. सुमनबाईंचं मत वेगळं होतं. "ब्राझीलचा माणूस बोलला त मी काय करू? दळण आणून देते का तो?"

चुकत होतं ते एकाच ठिकाणी. शेषराव रोज सकाळी सात वाजता, बैल सोडायच्या आधी, सेट लावून मला हाक मारायचा. ठरलेली वेळ. आणि रोज सकाळी सात वाजता मला ऐकू यायची ती नुसती खरखर. मी त्याला हाक मारायचो, त्यालाही खरखर. एकदा नाही, दोनदा नाही, तीन वर्षं. मी दोनदा त्याच्या गावी जाऊन त्याचा सेट उघडून पाहिला. सेट चोख. तरी मी त्याला सांगून आलो, "तुझ्या सेटात दम नाही. आणि दम तुझ्या त्या मांडवात तर मुळीच नाही."

गंमत अशी की तोच शेषराव केरळात ऐकू यायचा. तिकडं एक म्हातारे गृहस्थ होते, आयुष्यभर जहाजावर रेडिओ चालवलेले. आम्ही सगळे त्यांना अंकल म्हणायचो. मराठीचं अक्षर येत नव्हतं, हिंदी त्यांची स्वतःची. ते मला म्हणायचे, "तुमारा वो किसान रोज सुबह कुछ बोलता है. मराठी में. बहुत प्यार से बोलता है. हमको समझ नहीं आता." मी म्हणायचो, "हवामान सांगत असेल, अंकल." शेषराव दुकानात आला की सांगायचा, चांदा ऐकू येते, वर्धा ऐकू येते. मी म्हणायचो, "चांद्याला तर बस जाते, शेषराव. जिथं बस जाते तिथं बोलायला रेडिओ कायले लागते?"

पाठक सरांनी एकदा क्लबाच्या बैठकीत फळ्यावर चित्र काढून कारण सांगितलंही होतं. रेडिओची लाट वर जाते, आकाशाच्या वरच्या थराला आपटते आणि खाली येते. तार फार उंच असली तर लाट तिरपी, लांब फेकली जाते, आणि जवळची गावं मधल्या मध्ये कोरडी राहतात. तार जमिनीलगत आणली तर लाट सरळ डोक्यावर जाते आणि आसपासच पडते. आपल्या साध्या बोलीत सांगायचं तर दिव्याखाली अंधार. माझा दिवा सत्तर फुटांवर, आणि त्याचा अंधार नेमका मुकुटबनवर.

"म्हणून तार खाली घ्यावी, किमान आठवड्यातून एक दिवस," असं सर म्हणाले.

मी म्हणालो, "सर, तुम्ही पुस्तकातून बोलता. मी चिमणीवरून बोलतो." ते चहाचे चार जण हसले. ठराव बारगळला.

त्या चिमणीच्या तारेचा दरारा किती होता, त्याचं एक उदाहरण देऊन मग पुढं जातो. बाजाराच्या मैदानावर कापसाच्या भावासाठी मोठी सभा होती. पुढारी बाहेरून आलेले, लाऊडस्पीकर चारी दिशांना, वायरी इथून तिथून. मला काय ठाऊक? मी दुकानात बसून अंकलशी बोलत होतो. तिकडं पुढाऱ्यांनी हात वर करून विचारलं, "कास्तकार ओरडून ओरडून सांगून राह्यला, सरकार काय म्हणते?" आणि चारही भोंग्यांतून माझा आवाज आला, "कुछ भी सुनाई नहीं देता. फिर से बोलिए." लोकांनी पाच मिनिटं टाळ्या वाजवल्या. तीस माणसं तिथल्या तिथं पुढाऱ्यांच्या पक्षात गेली म्हणतात.

यात चमत्कार काही नाही. लाऊडस्पीकरच्या लांबच लांब वायरी हीच एक तार होते आणि माझी लाट आत घेते. मी जाऊन जुन्या टीव्हीतली फेराइटची काळी कडी काढली, त्यांना वायरीचे आठ-दहा वेढे दिले, आवाज बंद. पण पुढाऱ्यांचा विश्वास बसला नाही. त्यानंतर दर सभेआधी त्यांचा माणूस यायचा. "मधुकरभाऊ, साहेबांनी सांगितलं, दोन घंटे तोंड बंद ठेवा." सुमनबाई त्याला म्हणाल्या, "तुमच्यानं ते जमलं त मलेही शिकवून जा."

तर असा माझा रुबाब. आणि मग ती पावसाची झड आली.

तीन दिवस, तीन रात्री. वीज गेली, टेलिफोन गेला. मोबाईल तेव्हा आमच्या भागात टीव्हीवरच्या जाहिरातीत दिसायचा, खिशात नाही. चौथ्या दिवशी पहाटे आभाळ उघडलं आणि ऊन पडलं. आणि सगळा कास्तकार एकाच वेळी पाठीवर पंप घेऊन वावरात शिरला. कारण तीन दिवसांत अळीनं बोंडं पोखरली होती. तोंडाला दुपट्टा, अंगात बनियान, पायात काही नाही. वारा भणभण. औषध जितकं कपाशीवर तितकंच अंगावर. त्या वर्षांत एका औषधानं अळी मरेना म्हणून लोक दोन-दोन मिसळायचे. वसंतानंही मिसळलं होतं.

सकाळी नवाच्या सुमाराला मी ट्रकच्या बॅटरीवर सेट लावला; गावात बॅटरीवर चालणारा तोच एक. अंकल जणू माझीच वाट बघत होते.

"तुमारा किसान बुलाता है. आज हिंदी में बोलता है. उसका भाई जहर से गिर गया. मुँह से झाग आता है. रास्ता नहीं. डॉक्टर माँगता है. जल्दी."

शेषरावच्या गावची हाक चौदाशे किलोमीटरवर केरळात गेली आणि तिथून उलट पांढरकवड्याला आली. मधलं अंतर बसनं दीड तासाचं. पण बस कुठं होती?

पाठक सर स्कूटरवर गेले आणि डॉक्टर मॅडमना मागं बसवून घेऊन आले. गावच्या उपकेंद्राच्या सिस्टर शेषरावच्या घरी पोचल्या होत्या, जवळ उताऱ्याची इंजेक्शनं होती. पण किती द्यायची, कधी थांबायचं, हे डॉक्टरनंच सांगायला पाहिजे. हे इंजेक्शन एकदा टोचून मोकळं होता येत नाही. द्यायचं, नाडी बघायची, डोळ्यातली बाहुली बघायची, तोंडातली लाळ थांबली का बघायचं, मग पुढचं. कमी पडलं तर माणूस जातो, जास्त झालं तर तोही धोका.

मॅडमनी पहिला प्रश्न विचारला. मी तो हिंदीत अंकलना सांगितला. अंकलनी तो शेषरावला सांगितला. शेषरावनं सिस्टरना. मग तीच वाट उलटी. उत्तर यायला सात मिनिटं लागली. दुसऱ्याला नऊ. मॅडम घड्याळाकडं बघून म्हणाल्या, "नाडी किती आहे हे मला कळतं तेव्हा ती नाडी जुनी झालेली असते. मला त्या घराशी थेट बोलायचं आहे."

आणि त्यातच उन्हं वर चढायला लागली. लांबची लाट दुपारकडं थकते, हा आमच्या पट्ट्याचा नियम. अंकल विरत चालले. एका वाक्यातले तीन शब्द यायचे, मग दोन.

दुसरी तेवढी तार आणि केबल जवळ नव्हती. सर उठले आणि जिनिंगच्या आवाराकडं धावले. मी त्यांच्या मागं. त्यांनी खुंटीवरच्या दोरीला हात घातला आणि मी ती त्यांच्या हातून हिसकली. ते ओरडले, ते तुम्ही सुरुवातीलाच ऐकलं.

मी त्यांना म्हणालो, "सर, तार खाली आली की अंकल गेले. आणि शेषराव आलाच नाही तर? मग आपल्याजवळ काय उरते?"

हे खरं होतं. पण सगळं खरं नव्हतं. इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही. मला भीती अंकल जातील याची निम्मीच होती. उरलेली निम्मी भीती शेषराव ऐकू येईल याची होती. तो आला असता तर तीन वर्षं मी बहिरा होतो हे सिद्ध झालं असतं, आणि दोन भिंतींवरची सगळी कार्डं मिळूनही ते झाकता आलं नसतं.

सर ओरडायचे थांबले. चष्मा चिखलानं भरला होता तो त्यांनी सदऱ्याला पुसला आणि शाळेतल्या आवाजात म्हणाले, "मधुकरराव, मी चुकलो तर माझं नाव घ्या. आयुष्यभर घ्या."

मी दोरी सोडली.

तार आली ती निम्म्यावरच. गंजलेली कप्पी अडकली. तीन वर्षं वर चढून तिला तेल कोण घालणार? मी दोरीला लटकलो, सर मला लटकले, कप्पी हलेना. तेवढ्यात भिंतीपलीकडून सुमनबाई आल्या, हातात विळी. विळी पायाखाली घेतली आणि आम्ही ताणून धरलेली दोरी कचकन कापली; ताण सुटला तशी ती अडलेल्या कप्पीवरून घसरली. तार, केबल, दोरी, सगळं वरून सळसळत आलं आणि माझ्या डोक्यावर पडलं. चिमणीवरून मी त्या दिवशी पडलो नव्हतो, म्हणून चिमणीच माझ्यावर पडली असं समजा.

मग अंगणात पळापळ. एक टोक कडुनिंबाला, दुसरं न्हाणीच्या खांबाला, मध्ये सुमनबाईंची कपड्यांची काठी टेकू म्हणून. तार जमिनीपासून हात वर केला तर लागेल इतकी. सरांनी बजावलं, "टोकाजवळ कोणी जाऊ नका, चटका बसतो." मी दुकानात पळालो, सेटसमोर बसलो आणि बटण फिरवलं.

अंकल गेले होते. जपान गेला, रशिया गेला. खरखर. मी सरांकडं बघितलं, सर जमिनीकडं.

आणि मग शेजारच्या खोलीतून बोलावं तसा आवाज आला. खणखणीत. इतका की मॅडम दचकल्या.

"…कोणी हाय का? पांढरकवडा, कोणी हाय का? मी शेषराव बोलून राह्यलो."

तीन वर्षांत मी त्याचा आवाज रेडिओवर पहिल्यांदा ऐकला. माझ्या घशातून शब्द फुटेना. माझ्या घशातून शब्द न फुटण्याची ती आजवरची एकमेव वेळ आहे, आणि साक्षीला तीन माणसं आहेत. मॅडमनी माझ्या हातून माईक घेतला.

"शेषराव, मी डॉक्टर बोलतेय. त्याच्या अंगावरचे कपडे काढले का? ओव्हर." माझं झालं, आता तुम्ही बोला, यासाठी ओव्हर म्हणायला त्यांना पहिल्याच दमात जमलं. मला परीक्षेच्या तीन वाऱ्या लागल्या होत्या.

"काढले, मॅडम. ओव्हर."

"साबण लावून सगळं अंग धुवा. केससुद्धा. धुणाऱ्यानं हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधायची. त्याला कुशीवर झोपवा. सिस्टरना म्हणावं, इंजेक्शन भरून नाडी मोजा, आणि मला आत्ता सांगा."

आणि आत्ता म्हणजे आत्ता. प्रश्न गेला की उत्तर परत. इंजेक्शन, नाडी, बाहुली. इंजेक्शन, नाडी, लाळ. पाठक सर, ज्यांनी तीन वर्षं आम्हाला "हा छंद आहे, टेलिफोन नव्हे" म्हणून दटावलं होतं, ते वहीत प्रत्येक नाडी वेळेसकट लिहीत होते. मी बॅटरीजवळ बसून होतो. ती उतरायला लागली तेव्हा रस्त्यावर जाऊन पहिला ट्रक अडवला. ड्रायव्हर पंजाबकडचा. मी म्हटलं, "बॅटरी चाहिए, आदमी मर रहा है." त्यानं पान्यानं स्वतःच्या ट्रकची बॅटरी काढून दिली आणि दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. बाजाराच्या मैदानावर जनरेटरवर गणपतीचा लाऊडस्पीकर लावणं चाललं होतं. त्यातून डॉक्टर मॅडमचा आवाज गावभर गेला आणि म्हणून अर्ध्या तासात माझ्या दुकानासमोर जत्रा भरली. सगळे गप्प. आमच्या गावात इतकी माणसं एकत्र येऊन इतका वेळ गप्प बसली, यावर त्या गावचा माणूस विश्वास ठेवणार नाही. पण हे मी वाढवून सांगत नाही. बाकीचं थोडं थोडं वाढवलंय.

बारा वाजून गेल्यावर शेषराव म्हणाला, "मॅडम, लाळ थांबली. तोंड कोरडं पडलं म्हणून सिस्टर म्हणतात. ओव्हर."

मॅडमनी डोळे मिटले. मग डोळे न उघडताच पुढचं सांगितलं, किती वेळानं काय द्यायचं, काय बघायचं. थोड्या वेळानं सेटमधून एक दुसराच आवाज आला. बारीक, घोगरा, लांबून.

"दादा, माझा पंप कुठं हाय?"

मग बाहेरच्या जत्रेला आवाज फुटला. पंजाबी ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं, पण तो सगळ्यात आधी नाचला. सुमनबाईंनी जमलेल्या सगळ्यांना चहा केला. तीनशे कप. बरं, साठ.

दुपारनंतर नाल्याचं पाणी उतरलं. कोणत्या ठिकाणी उतार आहे हे शेषरावनं रेडिओवर सांगितलं, तहसीलची जीप अलीकडच्या काठाला उभी राहिली, ट्रॅक्टरवर बाजेसकट वसंताला पार केलं, आणि दिवस मावळायच्या आत तो दवाखान्यात होता. दहाव्या दिवशी स्वतःच्या पायांनी घरी गेला. औषधाची बाटली बघितली की त्याला आजही मळमळतं, आणि फवारायला निघालेल्या प्रत्येकाला तो पूर्ण बाह्यांचा सदरा घालायला लावतो. नाही घातला तर पंप लपवून ठेवतो.

अंकलना मी नंतर पत्र लिहिलं. त्यांचं कार्ड आलं. ते मी भिंतीच्या मधोमध लावलं, ब्राझील काढून.

तार पुन्हा चिमणीवर गेली नाही. सुमनबाईंनी तिच्या बाजूनं, सरांना विचारून, हातभर अंतर सोडून कपड्यांची दोरी बांधून घेतली. मुकुटबन, वणी, चांदा, वर्धा, यवतमाळ, सगळं ऐकू यायला लागलं. तेव्हा कळलं की आसपास किती माणसं रोज सकाळी बोलत होती. त्या वर्षांत कास्तकार जीव द्यायला लागले म्हणून आमचा जिल्हा बघायला लांबलांबून गाड्या भरून माणसं यायची. जवळच्याचं ऐकायला मात्र कोणाची तार खाली नव्हती. त्यात मीही होतो, एवढं लिहून ठेवतो.

झड संपून महिनाभरानं आम्ही क्लबाची बैठक घेतली. वसंताही आला होता. तहसीलचे साहेब आले, डॉक्टर मॅडम आल्या, ते चहाचे चार जण तर आलेच. मी उभा राहिलो आणि जवळपास पाऊण तास बोललो. कमी उंचीच्या तारेचं तत्त्व मला कसं सुचलं, ऐन क्षणी मी दोरी सोडण्याचा निर्णय कसा घेतला, विळी मीच कशी मागवली. पाठक सर छताकडं बघत बसले होते. सुमनबाई माझ्याकडं बघत होत्या, ते मी टाळलं. टाळ्या झाल्या.

साहेब म्हणाले, आता शेषरावनं दोन शब्द बोलावेत. तो नाही-नाही म्हणत स्टुलावरून उठला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बोल रे. तीन वर्षं केरळातल्या अंकलना जे प्रेमानं ऐकवत होतास ते आज आम्हाला ऐकव. काय सांगत होतास रोज सकाळी? हवामान?"

शेषराव टोपी नीट करत म्हणाला, "नाही भाऊ. तार खाली घ्या म्हणून सांगत होतो."